बिलावरील अंक आणि तोंडांतील शब्द

आमच्या ओसरीवर वडिलांच्या वेळची एक सागवानी पेटी आहे. पूर्वीं तींत जमिनीचे उतारे, मुलांच्या पत्रिका आणि शाळेचीं प्रमाणपत्रें असत. गेल्या दहा-बारा वर्षांत तिचा निम्मा भाग दवाखान्याच्या कागदांनीं व्यापला आहे. आमच्याच घरची ही स्थिति आहे असें नाहीं. रेणापुराहून लातुरास जाणाऱ्या सकाळच्या मोटारींत पाहावें, तर चार बांकांआड एकाच्या मांडीवर फोटोंचा मोठा लखोटा आणि बिलांची पिशवी असतेच.

परवां पेटी आवरतांना त्यांतील एक कागद हातीं लागला. त्यावर कारकुनानें दोन ओळी छापून दिल्या होत्या. पहिली ओळ: तपासणी, छातीचा सीटी स्कॅन. दुसरी ओळ: कारण, छातींत दुखणें. यांपैकीं दुसरी ओळ सर्वस्वीं खोटी होती. ती कोणीं लबाडीनें लिहिली नव्हती. आमच्याच घराच्या मर्यादेनें ती लिहविली होती. त्या ओळीपायीं आमचे कांहीं हजार रुपये चार महिने अडकले, ही हानि लहानच म्हणावयाची. तीच दोन अक्षरें आधीं आमच्या तोंडून निघालीं आणि त्यांपायीं तीन महिने फुकट गेले, ही हानि मोठी.

या सदरांत मीं आजवर व्याकरणाच्या, सणांच्या, मुलांच्या अभ्यासाच्या गोष्टी लिहिल्या. आज त्या दोन ओळींविषयीं लिहितों. विषय स्त्रियांच्या आजाराचा आणि दवाखान्याच्या हिशेबाचा. या दोहोंविषयीं मोठ्यानें बोलूं नये अशी आपल्या घरांतून समजूत आहे. जिची ही हकीकत आहे तिची परवानगी घेऊनच लिहितों, हें आधीं सांगून ठेवतों.

२०२३ सालच्या चैत्रांत माझ्या धाकट्या भावजयीच्या डाव्या स्तनांत एक गांठ तिच्या हातास लागली. गांठ दुखत नव्हती, म्हणून ती स्वस्थ राहिली. पुढें मनांत भय वाटूं लागलें तेव्हां ती यजमानांस एवढेंच म्हणाली, "छातींत कांहींतरी वाटतंय." बंधु तिला घेऊन एका डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनीं विचारिलें तें तिला. उत्तर दिलें तें बंधूंनीं. "छातींत दुखतं म्हणते." डॉक्टरांनीं त्या शब्दास अनुसरून जें करावयाचें तें केलें. हृदयाचा आलेख काढला, तो चांगला निघाला. आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. चिठ्ठीवर 'छातींत दुखणें' असें लिहिलें. त्या सद्‌गृहस्थांस मी दोष देत नाहीं. आम्हीं त्यांस जो शब्द दिला, त्याचेंच औषध त्यांनीं दिलें.

आषाढी एकादशीच्या दिवशीं स्वयंपाकघरांत भगर निवडतांना ती आपल्या जाऊबाईंजवळ रडली. आमची मंडळी हात पुसून तशीच ओसरीवर आली आणि मला म्हणाली, "भावजींना बोलवा. तिच्या छातीला कांहीं झालेलं नाहीं. तिच्या स्तनांत गांठ आहे, आणि ती चैत्रापासून आहे." पस्तीस वर्षें संसार करून तो शब्द मीं तिच्या तोंडून प्रथमच ऐकिला.

त्यानंतर सारें भराभर झालें. लातुरास मॅमोग्राफी व सोनोग्राफी झाली, गांठीचा तुकडा तपासला, आणि कर्करोग ठरला. रोग अन्यत्र पसरला आहे कीं काय हें पाहण्याकरितां डॉक्टरांनीं छातीचा व पोटाचा सीटी स्कॅन सांगितला. तपासणीकेंद्राच्या खिडकीपाशीं रांग होती. नव्या चिठ्ठीवर 'स्तन' हा शब्द स्पष्ट लिहिलेला. मागें-पुढें चार माणसें उभीं. बंधूंनीं ती चिठ्ठी खिशांत ठेविली आणि पहिल्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी पुढें केली. कारकुनानें तीवरचें कारण जसेंच्या तसें बिलावर उतरविलें. पेटींतील कागदाची उत्पत्ति ही अशी आहे.

शस्त्रक्रिया झाली, पुढील उपचारही पार पडले, आणि ईश्वरकृपेनें व वैद्यांच्या कौशल्यानें भावजय आज बरी आहे. पुतण्याच्या नोकरीमुळें घरच्यांस विम्याचा आधार होता. शस्त्रक्रियेचें बिल मंजूर झालें. रुग्णालयांत दाखल होण्यापूर्वींच्या तपासण्यांचा खर्चही नियमाप्रमाणें मिळावयाचा होता. परंतु स्कॅनची रक्कम नाकारली गेली. ज्या रोगासाठीं रोगी दाखल झाला, त्या रोगाशीं या तपासणीचा संबंध दिसत नाहीं, असा शेरा आला. बंधु संतापले. "हे लोक पैसे बुडविण्यासाठींच बसलेले असतात," असें ते आठ दिवस बोलत होते.

त्या दिवाळींत माझी एक विद्यार्थिनी भेटीस आली. जीवशास्त्राची पदवी घेऊन ती पुण्यांत नोकरी करते. नोकरी कसली, तर अमेरिकेंतील रुग्णालयांचे कागद वाचून त्यांतील रोगांस व उपचारांस अंक लावावयाचे. पुणें, हैदराबाद, चेन्नई या शहरांत हें काम करणारीं सहस्रावधि मुलें आहेत, आणि त्यांत आपल्या मराठवाड्यांतील मुलें-मुली पुष्कळ आहेत. तिच्यापुढें मीं तो कागद ठेविला. वाचून ती म्हणाली, "गुरुजी, इथं कोणाची लबाडी दिसत नाहीं. आमच्याकडे हें रोज होतं. काय केलं आणि कां केलं, हीं दोन जुळलीं नाहींत कीं बिल परत."

मीं म्हटलें, "म्हणजे क्रिया आहे, पण हेतु चुकला."

ती हंसली. "तसंच, गुरुजी. व्याकरणच आहे तें."

मग त्या दिवशीं गुरूनें शिष्येकडून धडा घेतला, तो वाचकांस सांगतों.

अंकांत अर्थ सांठविणें आपल्यास नवें नाहीं. कटपयादि पद्धतींत क, ट, प, य या चारही अक्षरांचा अर्थ एक. त्यामुळें एकाच संख्येसाठीं कवीस मनाजोगते पुष्कळ शब्द सांपडतात. ज्योतिषाच्या ग्रंथांत चंद्र म्हटलें कीं एक आणि नेत्र म्हटलें कीं दोन. ती सोय छंदासाठीं होती. वैद्यकांतील अंकांची रीत याच्या उलट आहे. तेथें एका अंकाचा अर्थ एकच असावा आणि तो मुंबईंत, माद्रिदांत व मेक्सिकोंत सारखा वाचतां यावा, हा हेतु. मृत्यूच्या कारणांची अशी यादी फ्रान्सच्या जाक बर्तियाँ यांनीं १८९३ सालीं मांडली. तिचाच विस्तार होत होत आज जागतिक आरोग्य संघटनेचें रोगवर्गीकरण झालें आहे. त्याची दहावी आवृत्ति १९९० सालीं मान्य झाली आणि अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आली. तथापि बहुतेक कामकाजांत अजून दहावीच चालते. तींत स्तनांतील गांठीचा अंक 'एन ६३', स्तनाच्या कर्करोगाचा 'सी ५०', आणि छातींतील दुखण्याचा 'आर ०७'. आमचा कागद आतां वाचून पाहा. भावजयीचा रोग 'सी ५०' होता. कागद 'आर ०७' बोलत होता.

हे रोगाचे अंक झाले. तपासणी व उपचार यांचे अंक निराळे. अमेरिकेंत ते तेथील वैद्यकसंघटना ठरविते. तिचें पहिलें पुस्तक १९६६ सालीं निघालें. माझ्या विद्यार्थिनीनें उदाहरण दिलें तें नेमकें स्तनाच्या सीटी स्कॅनचें, आणि तेथेंच मला माझें अज्ञान कळलें. छातीचा सीटी आणि स्तनाचा सीटी ही एकच तपासणी, असें मी समजत होतों.

तसें नाहीं. सीटीचें यंत्र हाउन्सफील्ड यांनीं केलें. १९७१ सालीं पहिल्या रोग्याच्या मस्तकाचें चित्र निघालें आणि १९७९ सालीं त्यांस व कॉरमॅक यांस नोबेल पारितोषिक मिळालें. छातीच्या सीटींत रोगी उताणा निजतो आणि फुप्फुसें, हृदय, महारोहिणी, बरगड्या हीं सारीं चित्रांत येतात. स्तनही त्यांत दिसतो, पण तो पाहावा म्हणून तें चित्र काढलेलें नसतें. केवळ स्तनासाठीं केलेलें यंत्र वेगळें आहे. अमेरिकेंत डेव्हिस येथें जॉन बून आणि रॉचेस्टर येथें रुओला निंग या शास्त्रज्ञांनीं त्यावर पुष्कळ वर्षें परिश्रम केले. या यंत्रांत स्त्री पालथी निजते. मेजास एक गोल भोंक असतें. एक एक स्तन त्यांतून खालीं येतो आणि मेजाखालीं क्ष-किरणांची नळी त्याच्याभोंवतीं एक फेरा घेते. फेऱ्यास सुमारें दहा सेकंद लागतात. मॅमोग्राफींत स्तन दोन पाट्यांमध्यें दाबावा लागतो, तसा येथें दाबावा लागत नाहीं. तेथील औषध-प्रशासनानें असें यंत्र जानेवारी २०१५ मध्यें मान्य केलें. तेंही शंका आलेल्या स्त्रीच्या निदानासाठीं, सरसकट चाळणीसाठीं नव्हे.

आतां अंकांची गंमत पाहावी. यंत्र २०१५ सालीं मान्य झालें, पण त्या तपासणीस स्वतःचा अंक मिळावयास २०२१ सालचा जानेवारी उजाडला. मधल्या काळांत ती तपासणी 'अन्यत्र न बसणारी' अशा सर्वसाधारण अंकाखालीं पाठवावी लागे आणि प्रत्येक वेळीं सोबत खुलासा जोडावा लागे. ज्यास नांव नाहीं त्याचा हिशेब होत नाहीं! २०२१ सालीं एकदम सहा अंक मिळाले: ०६३३टी पासून ०६३८टी पर्यंत. पहिले तीन एका स्तनाचे, पुढले तीन दोहोंचे. प्रत्येक तिहींत पहिला औषध न टोंचतां काढलेल्या चित्राचा, दुसरा टोंचून काढलेल्याचा, तिसरा आधीं न टोंचतां व मग टोंचून काढलेल्याचा. चित्र त्रिमिति करून पाहिलें तर त्याचा आकार याच अंकांत धरलेला आहे. तो वेगळा लावतां येत नाहीं. शेवटचें 'टी' हें अक्षर नव्या, अद्याप रुळावयाच्या पद्धतीचें चिन्ह आहे. असा अंक मिळाला म्हणजे विमा कंपनी पैसे देईलच असें नाहीं. नोंद मात्र नीट होते. छातीच्या सीटीचे अंक याहून अगदीं निराळे आहेत: ७१२५०, ७१२६० आणि ७१२७०. स्तनाच्या सीटीस छातीचा अंक लावला तर ती तेथें चूकच धरतात.

"आमच्याकडे नव्या मुलांना पहिल्या आठवड्यांतच हें बजावतात," विद्यार्थिनी म्हणाली. "छाती म्हणजे स्तन नव्हे."

मी स्तब्ध राहिलों. आमच्या घरांत तर तीन पिढ्या छाती म्हणजेच स्तन होता.

आपल्या जिल्ह्यांत स्तनाच्या गांठीसाठीं डॉक्टर आधीं हातानें तपासतात, मग मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि शंका राहिली तर सुईनें तुकडा काढून तपासणें, या क्रमानें जातात. छातीचा सीटी सांगतात तो बहुधा रोग ठरल्यानंतर, त्याचा पसारा पाहण्यासाठीं. खासगी केंद्रांच्या बिलावर बहुधा अंक नसून शब्दच असतो. म्हणून आपल्याकडे अंकाची चूक होण्याआधीं शब्दाची चूक होते, आणि ती पुष्कळदां आपल्याच तोंडून होते.

सरकारी योजनेंत मात्र अंक आहेतच. २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्यानें आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपल्या शेजारचा नांदेड जिल्हा होता. लातुरास ती उरलेल्या जिल्ह्यांबरोबर नोव्हेंबर २०१३ मध्यें आली. २०१७ पासून तिचें नांव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असें आहे. ती गरिबांची योजना, आपल्यास तिच्याशीं काय कर्तव्य, असें आपल्या घरांतून अजून बोलतात. तें आतां खरें नाहीं. १ जुलै २०२४ पासून शिधापत्रिका कोणत्याही रंगाची असो, राज्यांतील सर्व कुटुंबांस ती लागू आहे, आणि कुटुंबास वर्षाकाठीं पांच लक्ष रुपयांपर्यंतचें संरक्षण आहे. योजनेंतील रुग्णालयांत 'आरोग्यमित्र' नांवाचा मनुष्य बसतो. आधीं त्याच्याकडे जावें. प्रत्येक उपचारास ठराविक अंक व ठराविक रक्कम आहे. रुग्णालय रोग्याचे कागद व तपासणीचीं चित्रें पाठवून पूर्वसंमति घेतें आणि मग उपचार करतें. तेथेंही कागदांवरील कारण व मागितलेला उपचार जुळले नाहींत तर पृच्छा येते आणि दिवस मोडतात. अधिक माहितीसाठीं १५५३८८ हा क्रमांक आहे.

एवढें समजल्यावर आमच्या घरानें कांहीं नियम केले. वाचकांच्या उपयोगी पडतील म्हणून येथें देतों.

पहिला नियम असा कीं, रोगी स्वतः बोलेल. यजमान, दीर किंवा मुलगा सोबत जाईल, पण काय होतें तें स्त्रीच सांगेल. तिला संकोच वाटत असेल तर जाऊ, नणंद, मुलगी यांपैकीं कोणी आंत जाईल. कोणत्या अंगास काय झालें, कोणत्या बाजूस, आणि केव्हांपासून, या तीन गोष्टी त्याच शब्दांत सांगावयाच्या. तिसरीस विशेष जपावें. 'दोन महिने' असतां बोलण्याच्या भरांत 'दोन वर्षें' म्हटलें, तर विमा घेण्यापूर्वींचा रोग असल्याची शंका उपस्थित होते.

दुसरा नियम, तपासणीची चिठ्ठी खिडकीवर देण्यापूर्वीं स्वतः वाचावी. तीवर तपासणीचें पूर्ण नांव, उजवा कीं डावा, औषध टोंचावयाचें कीं नाहीं, आणि कारण, हीं चार असावींत. नसतील तर डॉक्टरांस नम्रपणें विनंति करावी. चांगला डॉक्टर रागावत नाहीं. जुनी चिठ्ठी पुढें करूं नये.

तिसरा नियम, पावती हातीं पडतांच तेथेंच पडताळावी. नांव विम्याच्या कागदावर आहे तसेंच आहे काय? तारीख बरोबर आहे काय? औषध टोंचलें नसतां त्याचा आकार लावला नाहीं ना? तपासणी एका बाजूची असतां दोहोंची लिहिली नाहीं ना? खिडकीवर ही दुरुस्ती पांच मिनिटांत होते. महिन्यानें हेलपाटे पडतात.

चौथा नियम, आपला विमा काय देतो तें निरोगी असतांना वाचावें. पुष्कळ करारांत रुग्णालयांत दाखल झाल्याखेरीज नुसत्या तपासणीचा खर्च मिळत नाहीं. दाखल होण्यापूर्वींच्या ठराविक दिवसांतील, त्याच रोगाच्या तपासण्यांचा मिळतो. ते दिवस किती, हें करारांत लिहिलेलें असतें. म्हणून गांठीसाठीं केलेल्या पहिल्या सोनोग्राफीपासून प्रत्येक पावती व चिठ्ठी तारखेच्या क्रमानें जपून ठेवावी. विमा नियामक प्राधिकरणाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणें, रोख न भरतां उपचार घेण्याच्या विनंतीवर कंपनीनें एका तासांत निर्णय द्यावयाचा आणि घरीं सोडतेवेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावयाची. हें ठाऊक असलेल्या मनुष्यास ताटकळत बसावें लागत नाहीं.

पांचवा नियम, नकार आला तर आरडाओरड न करितां कारण लेखी मागावें. आमच्या बाबतींत उपाय साधा निघाला. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीं एक पानभर पत्र दिलें. हा स्कॅन डाव्या स्तनाच्या कर्करोगाचा पसारा पाहण्यासाठीं मीं सांगितला होता, बिलावरील कारण जुन्या चिठ्ठीवरून चुकून उतरलें आहे, एवढाच मजकूर. सोबत त्यांच्या मूळ चिठ्ठीची प्रत जोडली. चार महिन्यांनीं रक्कम आली. ती तशी आली नसती तर पुढचा मार्गही आहे. आधीं कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरांत समाधान न झालें तर विमा लोकपालाकडे जावें. तेथें शुल्क नाहीं, वकील लागत नाहीं. मात्र नकारापासून एक वर्षाच्या आंत जावें लागतें.

हिशेबाची गोष्ट येथें संपली. परंतु रोगाच्या अंकाचा उपयोग पैशापुरता नाहीं. आपल्या शेजारच्या बार्शीस १९८७ सालीं कर्करोग्यांची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भागासाठीं अशी ही भारतांतील पहिलीच. तेथील कार्यकर्ते खेडोपाडीं जाऊन लोकांशीं रोगाविषयीं बोलूं लागले, आणि त्यानंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचें निदान पूर्वींपेक्षां लौकरच्या अवस्थेंत होऊं लागलें, असें त्याच नोंदींवरून १९९५ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे रोगाचें नांव खरें सांगितलें, खरें लिहिलें आणि मोजलें, तर त्यांतून दुसऱ्या बायकांचे प्राण वांचविण्याची वाट दिसते. ज्या गांठी 'छातींत दुखणें' म्हणून लिहिल्या जातात, त्या कोणत्याही वहींत मोजल्या जात नाहींत.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचें याहून मोठें उदाहरण आहे. तेथील डॉक्टरांनीं १९९८ सालीं मुंबईच्या वस्त्यांतील सुमारें दीड लाख स्त्रियांवर एक प्रयोग आरंभिला. निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनीं शिकविलेल्या आरोग्यसेविकांनीं केवळ हातानें स्तनतपासणी केली. वीस वर्षांचा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाला: पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगानें होणारे मृत्यु जवळजवळ तीस टक्क्यांनीं कमी झाले. पन्नाशीच्या आंतील स्त्रियांत तसा लाभ दिसला नाहीं. यांत सीटी नव्हता, मोठें यंत्र नव्हतें. शिकलेला हात होता आणि स्पष्ट बोलणें होतें. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेप्रमाणें ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची अशी तपासणी पांच वर्षांतून एकदां सरकारी आरोग्यकेंद्रांत व्हावयाची आहे. आपल्या घरांतील किती स्त्रिया तिला गेल्या आहेत, हा प्रश्न आज रात्रीं पंक्तींत विचारून पाहावा.

बहुतेक गांठी कर्करोगाच्या नसतात. तेव्हां घाबरण्याचें कारण नाहीं. परंतु जी गांठ कर्करोगाची असते ती आरंभीं पुष्कळदां दुखत नाहीं. तेव्हां दुखेपर्यंत थांबण्यासही कारण नाहीं.

राहिला प्रश्न मर्यादेचा. मीं आयुष्यभर अमरकोश शिकविला. मनुष्यवर्ग आला कीं शरीराच्या अवयवांचे चार शब्द मी घाईघाईनें ओलांडून जात असें. मुलें खालीं पाहत. ज्या शब्दापासून मातेच्या दुधास 'स्तन्य' आणि अंगावर पिणाऱ्या बाळास 'स्तनंधय' हीं नांवें झालीं, त्या शब्दाची लाज मीं मुलांस शिकविली. सुश्रुतानें निदानस्थानांत स्तनरोगांचें विवेचन केलें, तेव्हां त्यास संकोच पडला नाहीं. आमच्या पूर्वजांनीं जो शब्द ग्रंथांत लिहिला, तो आमच्यानें दवाखान्याच्या खिडकीवर उच्चारवला नाहीं. आणि त्या संकोचाचें मोल घरांतील लेकीसुनांनीं दिलें. ही चूक मास्तर म्हणून माझीही आहे.

लेख लिहून झाल्यावर तो भावजयीस वाचून दाखविला. आरंभीं एके ठिकाणीं मीं सवयीनें 'छातीची गांठ' असें लिहिलें होतें. तिनें मला तेथेंच थांबविलें आणि म्हणाली, "भावजी, तेवढा शब्द नीट करा."

तो नीट करून लेख छापावयास धाडीत आहें.